वर्णनात्मक नोंदी

एप्रिलची तेवीस. शाळा रिकामी.
कूलरची खस ओली करून शिपाई निघून गेला,
माझ्यासमोर सातवी ब, छप्पन पोरं,
प्रत्येकाला नऊ रकाने,
आणि एक मेला निकाल.

वाक्यं तयारच असतात, मागच्या वर्षीची.
'गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.'
'परिसरातील घटकांची माहिती सांगते.'
घेतोचं घेते केलं की पोराची पोरगी होते
शाई वाळायच्या आत.

फिरोजा शेख. गणित.
'पूर्णांक संख्यांवरील क्रिया करते.'
करते म्हणजे काय, तिचे अब्बू बर्फाच्या कारखान्यात आहेत.
आत उणे आठ, मी म्हटलं, बाहेर सेहेचाळीस, फरक सांगा,
खडू फळ्याला लागायच्या आधी ती चौपन्न म्हणाली,
वर हेही, की मे महिन्यात अब्बू
दोन स्वेटर घालून कामाला जातात
आणि गल्लीतली पोरं हसतात.
उत्तराला एकक लिहायचं राहिलं तिचं.
अर्धा गुण मी कापला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत निघाली,
तिसऱ्या दिवशी वर्गात.
खोक्याचं धड, रफ वहीच्या पानांचा झगा,
डोळ्यांच्या जागी दोन भोपळे, माझ्याच लाल शाईतले.
अपूर्णांक घेऊन जा गे मारबत!
घटक चाचणी घेऊन जा गे मारबत!
मुख्याध्यापक दारात आले तेव्हा
त्यांना घेऊन जायचंही चाललं होतं.
हे कार्यानुभवात टाकू की इतिहासात?

जानेवारीत, कवितेच्या तासाला,
एक पोरगी बाकावरून उठेना.
तेव्हा चार जणी उठल्या,
भिंतीसारख्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या,
एकीनं आपला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला,
आणि सगळीच्या सगळी पोरं
खिडकीबाहेर बघू लागली,
जिथे नुसतं सायकल स्टँड होतं.
मी शिकवलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात नाही.
नऊ रकाने दोनदा मोजले.

लोकेश निनावे, हजेरी क्रमांक एकतीस.
भूगोल. 'भरती-ओहोटीची कारणे सांगतो.'
झीरो माइलपासून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र लांबच.
वर्गात तो कोणी पाहिला नव्हता,
मी पाहिला होता एकदा, लग्नानंतर, तोही ओहोटीचा.
फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, ओढीचा बाण काढला,
तर मागच्या बाकावरून हा:
"आमच्या नळावानी न म्याडम.
पहाटे चारला येते, पाचला जाते,
मायला झोपेतही समजते."
वर्ग हसला.
मी बाण पुसला, परत काढला, जरा जाड.

त्याचीच निबंधाची वही.
'माझे आजोबा हातमागावर लुगडं विणून राहिले होते.'
मी खाली रेघ मारली. विणत होते.
मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन उभा.
"विणत होते म्हटलं का ते सरलं, म्याडम.
विणून राहिले म्हटलं का
अजून खटखट ऐकू येते."
ध्वनीला माध्यम लागतं,
असं त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी शिकवलं होतं.
मी म्हटलं, परीक्षेत विणत होते लिहायचं.
हो म्हणाला. लिहिलंही तसंच.

आत्ता फोन वाजला. आई.
"काय करून राहिली वं?"
"काही नाही गं, नोंदी लिहून राहिली."
मग दोघी काही वेळ उन्हाबद्दल बोललो.

फोन ठेवला.
एकतीस, मराठी: रकाना अजून मोकळा.
बत्तीस ते छप्पन बाकी.
खस वाळत आली.